हायड्रोपोनिक्सच्या टाकीत बुळबुळीत थर आणि तपकिरी मुळं : कारण कसं ओळखायचं, रोप कसं वाचवायचं?

बाल्कनीतल्या टबमध्ये लावलेले लेट्यूस आणि पालक पहिले तीन आठवडे छान वाढतात. पानं टवटवीत असतात, मुळं पांढरीशुभ्र. मग एके दिवशी दुपारी पानं मान टाकतात. टबात पाणी तर भरपूर असतं. पण झाकण उचललं की कुबट वास येतो, मुळांवर तपकिरी थर दिसतो आणि टबाच्या आतून बोट फिरवलं तर ते बुळबुळीत लागतं.

मातीविना भाजी पिकवणाऱ्या अनेकांवर ही वेळ कधी ना कधी येते, विशेषतः मार्च ते जून या महिन्यांत. त्यानंतर बहुधा दोनपैकी एक गोष्ट होते. कुणी घाबरून सगळी रोपं कचऱ्यात टाकतं, तर कुणी हाताला लागेल ते औषध टाकीत ओततं. पहिल्या प्रकारात वाचू शकणारी रोपं जातात. दुसऱ्या प्रकारात धोका त्याहून मोठा आहे, कारण त्या टाकीतली पानं पुढे घरच्यांच्याच ताटात येणार असतात.

म्हणूनच हा थर नेमका कशाचा आहे, तो का तयार होतो आणि काय केल्याने जातो, हे समजून घेणं गरजेचं आहे.

सगळ्यात आधी : हा खरंच रोग आहे का?

पांढरी नसलेली प्रत्येक मुळी आजारी नसते. काही पोषक द्रावणांमधल्या लोहामुळे मुळांवर पिवळसर किंवा तांबूस छटा येते. ह्युमिक आम्ल किंवा समुद्री शेवाळाचा अर्क असलेल्या द्रावणांमुळे तर मुळं चहात बुडवल्यासारखी दिसतात. अशी मुळं हाताला कडक लागतात आणि त्यांना वास येत नाही.

दुसरा गैरसमज पांढऱ्या लवेबद्दल होतो. पाण्याच्या वर, दमट हवेत लोंबणाऱ्या मुळांवर मखमलीसारखी बारीक लव येते. ती बुरशी नसून मूळरोम असतात आणि रोप निरोगी असल्याची ती खूण असते.

तिसरी गोष्ट क्षारांची. क्ले बॉल किंवा नेट पॉटच्या कडेला पांढरा, कोरडा, खरखरीत थर जमतो. पाणी उडून गेल्यावर मागे उरलेले हे क्षार असतात. तो थर चिकट नसतो.

शंका असेल तर घरच्या घरी तीन गोष्टी तपासता येतात.

- वास : निरोगी मुळांना पावसानंतरच्या ओल्या मातीसारखा किंवा अगदी सौम्य वास असतो. गटारासारखा किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला, तर पाण्यातला ऑक्सिजन संपत आल्याचं ते लक्षण आहे.
- धुऊन पाहणं : मुळं स्वच्छ पाण्यात हलवा. थर निघून खाली पांढरी मुळी दिसली, तर त्रास अजून वरवरचा आहे.
- ओढून पाहणं : एक तपकिरी मुळी दोन बोटांत धरून हलकेच ओढा. वरची साल मोज्यासारखी सुटून हातात आली आणि मागे केसासारखा बारीक धागा उरला, तर ती मूळकूज आहे.

थर कशाचा, हे कसं ओळखायचं?

*हिरवा थर :* हे शेवाळ आहे. शेवाळाला प्रकाश आणि पोषकद्रव्यं लागतात, आणि हायड्रोपोनिक्सच्या टाकीत पोषकद्रव्यं तयारच असतात. त्यामुळे झाकणाच्या फटीतून किंवा पातळ प्लास्टिकच्या भिंतीतून उजेड आत गेला, की शेवाळ धरतं. ते मुळांना थेट मारत नाही. पण रात्री ते ऑक्सिजन वापरतं, मेल्यावर कुजतं आणि नळ्या तुंबवतं. दिवसा शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वापरतं, त्यामुळे पीएच चढतो आणि रात्री पुन्हा उतरतो. पीएच रोज वर-खाली होत असेल, तर आधी उजेड कुठून येतो ते शोधावं.

*पांढरट, राखाडी किंवा तपकिरी शेंबडासारखा थर :* हा बहुतेक वेळा जिवाणूंचा थर असतो. जिवाणू स्वतःभोवती चिकट पदार्थ तयार करतात आणि त्यात वसाहत करून राहतात. न घासलेल्या माठाच्या आतून जो बुळबुळीतपणा लागतो, तसाच हा प्रकार. पातळ थर प्रत्येक टाकीत असतो आणि तो निरुपद्रवी असतो. तो मुळांभोवती जाड होऊन लोंबायला लागला, की मुळांपर्यंत ऑक्सिजन पोहोचत नाही.

*मऊ, तपकिरी, साल सुटणारी मुळं :* इथे मुळी स्वतःच कुजते आहे. यामागे बहुधा पिथियम नावाचा सूक्ष्मजीव असतो.

बऱ्याचदा या तिन्ही गोष्टी एकापाठोपाठ येतात. आधी उजेड आणि उष्णता, मग शेवाळ, त्यावर जिवाणूंचा थर, त्यामुळे गुदमरलेली मुळं आणि शेवटी पिथियमचा शिरकाव.

पिथियम म्हणजे काय?

पिथियमला सर्रास बुरशी म्हटलं जातं, पण शास्त्रीयदृष्ट्या ती खरी बुरशी नाही. ऊमायसीट नावाच्या वेगळ्या गटात तिचा समावेश होतो. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक उद्ध्वस्त करणारा फायटोफ्थोरा याच गटातला.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना पिथियमचा त्रास नवा नाही. आलं आणि हळदीच्या कंदकुजीत, तसंच रोपवाटिकेत टोमॅटो-मिरचीची रोपं कोलमडण्यात पिथियमच्या प्रजातींचा मोठा हात असतो. शेतात पाणी साचलं की हा रोग बळावतो, म्हणून निचऱ्यावर भर दिला जातो. हायड्रोपोनिक्समध्ये तर मुळं कायमच पाण्यात असतात.

पिथियमचे बीजाणू शेपटीसारख्या तंतूंच्या मदतीने पाण्यात पोहतात आणि मुळांमधून पाझरणाऱ्या पदार्थांच्या दिशेने जातात. त्यामुळे पाणी फिरत राहणाऱ्या पाइपच्या मांडणीत एका रोपाचा रोग थोड्याच दिवसांत सगळ्या रोपांपर्यंत पोहोचू शकतो. जाड कवचाचे बीजाणू वाळलेल्या मुळांच्या तुकड्यांत टिकून राहतात. म्हणूनच नुसतं पाणी बदलून रोग जात नाही, टाकीही घासावी लागते.

आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. पिथियमची पेशीभित्तिका खऱ्या बुरशीपेक्षा वेगळी, मुख्यतः सेल्युलोजसारख्या घटकांची असते. त्यामुळे कितीतरी नेहमीची बुरशीनाशकं तिच्यावर चालत नाहीत.

मूळ दुखणं उष्णतेचं का असतं?

पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. ३० अंशांना हा आकडा साडेसातच्या आसपास येतो. त्याच वेळी उष्णतेमुळे मुळांचं आणि जिवाणूंचं श्वसन वाढतं. म्हणजे मागणी वाढते आणि पुरवठा घटतो.

मुळांना पाणी शोषायलाही ऊर्जा लागते आणि त्या ऊर्जेसाठी ऑक्सिजन. तो मिळाला नाही, तर पाण्यात उभं असूनही रोप तहानलेलं राहतं. दुपारी पानं मान टाकतात त्यामागे हेच कारण असतं. अशा वेळी टाकीत आणखी पाणी ओतून उपयोग होत नाही, कधी कधी त्याने नुकसानच होतं.

पालेभाज्यांसाठी द्रावणाचं तापमान १८ ते २२ अंश सर्वांत चांगलं. २५ च्या पुढे लक्ष ठेवावं आणि ३० च्या जवळ गेलं तर काहीतरी करायलाच हवं. हवेचं तापमान पाहून अंदाज बांधू नये. गच्चीवर थेट उन्हात ठेवलेल्या काळ्या टबातलं पाणी हवेपेक्षाही गरम होऊ शकतं. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारा साधा थर्मामीटर या कामाला पुरतो. मोजमाप दुपारी तीन-चारच्या सुमारास घ्यावं, सकाळी नाही.

पहिल्या दिवशी काय करायचं?

थर दिसला आणि मुळं अजून पूर्ण गेली नसतील, तर पुढच्या क्रमाने जावं.

१. आजारी रोप वेगळं काढा. मुळं साध्या, गार पाण्यात हळूच हलवून धुवा. नळाची जोरदार धार सोडू नका.

२. मऊ पडलेली, साल सुटणारी मुळं स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापा. नुसता रंग बदललेली पण कडक मुळं ठेवा.

३. मुळं जितकी कापली, त्या प्रमाणात बाहेरची जुनी पानंही काढा. कमी मुळांना जास्त पानांची तहान भागवता येत नाही.

४. टाकी पूर्ण रिकामी करा आणि नळ्या, एअर स्टोन, झाकण यांसह ब्रशने घासा. जैवथर घासल्याशिवाय निघत नाही.

५. नवं द्रावण नेहमीच्या निम्म्या ताकदीचं बनवा. पीएच ५.५ ते ६.५ च्या दरम्यान, शक्यतो ५.८ च्या जवळ ठेवा.

६. एअर पंप चोवीस तास चालू ठेवा. रात्री आवाज होतो म्हणून तो बंद करणं, हेही मुळं गुदमरण्याचं एक नेहमीचं कारण आहे.

७. दोन-तीन दिवस रोपाला थेट उन्हापासून दूर ठेवा.

साधारण आठवडाभरात जुन्या मुळांच्या वरच्या भागातून नवी पांढरी टोकं फुटली, तर रोप वाचलं. निम्म्याहून बरीच जास्त मुळं कुजली असतील किंवा खोडाचा बुंधा मऊ आणि काळपट पडला असेल, तर ते रोप काढून टाकणंच शहाणपणाचं. तीस-चाळीस दिवसांत येणाऱ्या पालेभाजीत नवं बी टाकणं बऱ्याचदा स्वस्त आणि जलद पडतं.

मूळकूज झालेल्या टाकीचं पाणी कुंड्यांना घालू नये. नुसतं शेवाळ असेल तर ते पाणी मोठ्या झाडांना चालतं.

हायड्रोजन पेरॉक्साइड की ट्रायकोडर्मा?

हायड्रोपोनिक्स करणाऱ्यांमध्ये हा कायमचा वाद आहे. दोन्ही मार्ग वेगळ्या तत्त्वावर चालतात आणि ते एकत्र वापरता येत नाहीत.

हायड्रोजन पेरॉक्साइड समोर येईल त्या सूक्ष्मजीवाला मारतं, मग तो उपयोगी असो वा घातक, आणि शेवटी त्याचं पाणी आणि ऑक्सिजन होतं. परिणाम लवकर दिसतो, पण टिकत नाही. मेडिकलच्या दुकानात ते बहुधा ६ टक्क्यांचं मिळतं, काही बाटल्या ३ टक्क्यांच्या असतात. म्हणून आधी लेबल वाचावं. ६ टक्क्यांचं असेल तर लिटरला अर्धा ते एक मिली, म्हणजे २० लिटरच्या टाकीला १० ते २० मिली पुरतं. लहान रोपांना अर्ध्या मिलीच्या वर जाऊ नये. जास्त मात्रेने मुळांची कोवळी टोकंच जळतात. कारखान्यात वापरलं जाणारं ३० ते ५० टक्क्यांचं पेरॉक्साइड त्वचा भाजतं, ते घरात आणूच नये.

दुसरा मार्ग मित्र सूक्ष्मजीवांचा आहे. ट्रायकोडर्मा, बॅसिलस सबटिलिस किंवा स्यूडोमोनास मुळांभोवती जागा धरतात आणि पिथियमला तिथे स्थिरावू देत नाहीत. हा मार्ग रोग येण्याआधी जास्त उपयोगी पडतो. मुळं कुजल्यावर ट्रायकोडर्मा टाकून चमत्कार होत नाही. कृषी सेवा केंद्रात ट्रायकोडर्मा बऱ्याचदा टाल्क पावडरमध्ये मिसळलेलं मिळतं. ही पावडर टाकीत गाळ करते आणि पंप तुंबवते. म्हणून टाकीसाठी द्रवरूप किंवा पूर्ण विरघळणारं उत्पादन घ्यावं.

साफसफाईसाठी पेरॉक्साइड वापरलं असेल, तर मित्र जिवाणू टाकण्याआधी पाणी बदलावं किंवा दोन-तीन दिवस थांबावं. नाहीतर पैसे अक्षरशः पाण्यात जातात.

टाकीत काय टाकू नये?

*जीवामृत, ताक, गूळ, गोमूत्र :* मातीत जीवामृत घालतात ते सूक्ष्मजीव वाढावेत म्हणून. त्यातला गूळ आणि बेसन हे त्यांचंच खाद्य. साठलेल्या पाण्याच्या टाकीत मात्र हेच उलटतं. जिवाणू बेसुमार वाढतात, ऑक्सिजन संपवतात आणि मुळं गुदमरतात. ‘सेंद्रिय आहे, म्हणजे अपाय होणार नाही’ हा समज इथे महागात पडतो. टाकीत पडलेले कोकोपीटचे कण आणि सडकी पानंही याच कारणासाठी रोज काढावीत.

*मोरचूद :* शेवाळावर जुना उपाय म्हणून अनेकांना मोरचूद आठवतं. पण त्यातलं तांबं थोड्या मात्रेतही मुळांना विषारी ठरतं. मातीत ते काही प्रमाणात धरून ठेवलं जातं, पाण्यात ते थेट मुळांशी भिडतं.

*शेतीची बुरशीनाशकं :* मेटॅलॅक्झिलसारखी औषधं पिथियमवर चालतात. पण ती आंतरप्रवाही आहेत, म्हणजे मुळांतून शोषली जाऊन पानांपर्यंत जातात. आठ-दहा दिवसांत कापून कच्ची खायची भाजी असेल, तर घरच्या टाकीत ती वापरायचा विचारही करू नये.

क्रॅटकी पद्धतीत लोक हमखास कुठे चुकतात?

एअर पंप न लावता बाटलीत किंवा डब्यात भाजी वाढवण्याची पद्धत हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅटकी यांच्या नावाने ओळखली जाते. वीज लागत नाही, म्हणून घरी प्रयोग करणाऱ्यांमध्ये ती लोकप्रिय आहे.

या पद्धतीत रोप पाणी पितं तशी पातळी खाली जाते आणि झाकणाखाली हवेची पोकळी तयार होते. त्या पोकळीतली मुळं हवेतून ऑक्सिजन घ्यायला शिकतात. डबा अर्धा रिकामा दिसला म्हणून तो काठोकाठ भरला, तर ही हवेची मुळं बुडतात आणि काही दिवसांत तपकिरी पडतात. पाणी घालायचंच असेल तर थोडंच घालावं आणि वरची बरीचशी मुळं उघडी राहतील याची काळजी घ्यावी. या पद्धतीतल्या मूळकुजीत बऱ्याचदा रोगजंतूपेक्षा काळजीपोटी ओतलेलं पाणीच दोषी असतं.

अशा रोपाची भाजी खावी का?

टाकीत शेवाळ किंवा पातळ थर असला, पण पानं ताजी असतील आणि ती टाकीतल्या पाण्याला लागलेली नसतील, तर वाहत्या पाण्याखाली नीट धुऊन खायला हरकत नाही. पेरॉक्साइड टाकलं असेल तर दोन-तीन दिवस थांबून कापणी करावी. घाण वास येणाऱ्या पाण्यात बुडालेली, मऊ पडलेली किंवा चिकट पानं मात्र कच्ची वा शिजवून, कशीही खाऊ नयेत. टाकीत कीटकनाशक किंवा बुरशीनाशक गेलं असेल, तर ते पीक टाकून द्यावं.

पुढच्या लागवडीआधी टाकी कशी स्वच्छ करावी?

आधी ब्रशने घासून सगळा चिकटपणा काढावा. मग एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी या मिश्रणात टाकी, नळ्या आणि नेट पॉट अर्धा तास भिजवावेत. नंतर वास जाईपर्यंत धुऊन कडक उन्हात वाळवावेत. क्ले बॉलही असेच धुता येतात. स्पंज आणि जुनं कोकोपीट मात्र परत वापरू नये.

एक खबरदारी अत्यंत महत्त्वाची आहे. ब्लीच कधीही पीएच कमी करणारं आम्ल, व्हिनेगर किंवा स्वच्छतागृहाच्या ॲसिडमध्ये मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो.

उन्हाळ्यात थर येऊच नये म्हणून

- उजेड रोखा : टाकीला बाहेरून आधी काळा आणि त्यावर पांढरा रंग द्या, किंवा ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा. काळा रंग उजेड अडवतो, पांढरा ऊन परतवतो. रिकाम्या नेट पॉटची छिद्रंही झाका. फट राहिली तर डासही तिथेच अंडी घालतात. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, हे विसरून चालणार नाही.
- सावली करा : वर ५० टक्क्यांचं शेडनेट लावा. टाकी तापलेल्या लादीवर न ठेवता लाकडी फळीवर किंवा थर्माकोलवर ठेवा.
- पाणी गार ठेवा : टाकीला ओलं गोणपाट गुंडाळल्यास माठाच्या तत्त्वावर पाणी थंड होतं. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय छान चालतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत बाष्पीभवन कमी होतं, त्यामुळे तिथे गोठवलेल्या पाण्याची बंद बाटली दुपारी टाकीत सोडणं बरं. बर्फ थेट टाकू नये, द्रावण पातळ होतं.
- टाकी मोठी घ्या : पाच लिटरचा डबा दुपारच्या उन्हात चटकन तापतो, वीस लिटरची टाकी उशिरा.
- साधं पाणी घाला : उन्हाळ्यात रोपं पोषकद्रव्यांपेक्षा पाणी जास्त ओढतात, त्यामुळे उरलेलं द्रावण खारट होत जातं. पंप असलेल्या टाकीत घटलेली पातळी साध्या पाण्याने भरावी आणि दर दहा ते चौदा दिवसांनी सगळं द्रावण बदलावं. लेट्यूससारख्या पालेभाजीला ईसी साधारण १ ते १.८ पुरतो.
- वीज गेली तर : बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप जवळ ठेवा. तो नसेल तर दर तासाला मगाने पाणी उंचावरून टाकीत ओतलं, तरी थोडा ऑक्सिजन मिसळतो.
- बाहेरचं रोप थेट टाकीत नको : रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाच्या मुळांची माती कितीही धुतली, तरी त्यासोबत पिथियम येऊ शकतं. बी घरीच स्वच्छ कोकोपीटमध्ये किंवा स्पंजवर रुजवलेलं चांगलं.

आठवड्यातून दोनदा झाकण उचलून मुळं पाहायची, वास घ्यायचा आणि दुपारचं तापमान लिहून ठेवायचं. याला पाच मिनिटंही लागत नाहीत. पानं मान टाकेपर्यंत रोग मुळांत बराच पसरलेला असतो. मुळं आणि पाण्याचा वास मात्र त्याच्या काही दिवस आधीच इशारा देतात.